कूलंटमध्ये बाटली ओतली तर इंजिन थंड चालतं का?

प्रश्न जालन्याहून आला आहे. थोडक्यात असा: गाडी डिझेल सेडान, दहा वर्षं जुनी. गावात, हायवेला काही त्रास नाही. मे महिन्यात भर दुपारी तुळजापूरला निघाले; पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू. बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढताना तापमानाचा काटा मधली जागा सोडून बराच वर सरकला. वर पठारावर लागल्यावर आपोआप खाली आला. परत आल्यावर स्पेअर पार्टच्या दुकानदाराने कूलंटमध्ये टाकायची एक बाटली दाखवली, ‘इंजिन दहा-पंधरा अंश थंड चालेल’ म्हणून. मेहुणे म्हणतात, बाटलीला पैसे घालू नका, थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप) काढून टाका, विषय मिटतो. ऐकायचं कोणाचं?

तूर्त दोघांचंही नाही. बाटलीचा विचार सगळ्यात शेवटी. आधी रेडिएटरच्या पुढची-मागची घाण काढा, फॅन तपासा, कॅप बदला आणि आत कूलंट आहे की बोअरचं पाणी, ते बघा. मेहुण्यांचा उपाय मात्र शेवटीही करायचा नाही. मी गॅरेजवाला माणूस. उन्हाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत ‘गरम मारते’ ही तक्रार सगळ्यात जास्त असते, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांत कोणती ना कोणती बाटली आधीच पडलेली असते. म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

बाटलीत खोटं काही नसतं, हे आधी मान्य करू. इंजिनात सगळीकडे सारखी उष्णता नसते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटभोवती, दोन सिलिंडरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हेडचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा, धातू कूलंटपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. तिथे कूलंट धातूला लागल्या लागल्या उकळतं, बारीक बुडबुडे सुटतात आणि पुढच्या प्रवाहात विरून जातात. हे उकळणं वाईट नाही. अशा जागची उष्णता ओढून न्यायचं बरंचसं काम तेच करतं. घोटाळा होतो तो बुडबुडे धातूला चिकटून बसले की. मग वाफेचा पापुद्रा धरतो, वाफेतून उष्णता फारशी पुढे जात नाही, आणि नेमका तिथलाच धातू आणखी तापतो.

बाटलीतलं रसायन पाण्याचा पृष्ठताण कमी करतं. तेलकट ताटलीवर पाणी थेंबाथेंबाने गोळा होतं आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पडला की पसरतं, तसंच हे. पाणी धातूला नीट भिडतं, बुडबुडे लहान असतानाच सुटतात. (म्हणून कोणी घरचा साबण टाकू नये. फेस होईल, आणि फेस म्हणजे हवाच. शंका विनोदी वाटेल, पण ती मला विचारली गेली आहे.)

आता फरक किती पडतो? या जातीतली सगळ्यात प्रसिद्ध बाटली अमेरिकेच्या रेड लाइन कंपनीची, ‘वॉटर वेटर’ नावाची. कंपनीने स्वतःच्या चाचणीचे आकडे प्रसिद्ध केले आहेत. मोठं पेट्रोल इंजिन डायनोवर (जागेवरच इंजिनावर भार टाकणाऱ्या यंत्रावर) रेसच्या वेगाने चालवलं. फॅरनहाइटचे सेल्सिअस करून सांगतो: अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) आणि अर्धं पाणी असताना तापमान १०९ अंशांवर स्थिरावलं. त्याच मिश्रणात बाटली टाकल्यावर १०४. नुसतं साधं पाणी भरलं तेव्हाही १०४. साध्या पाण्यात बाटली टाकली तेव्हा ९४.

हे आकडे विकणाऱ्याचे आहेत, पण ते खरे धरले तरी काय दिसतं बघा. दुकानदाराचे पंधरा अंश मिळतात ते कूलंट काढून टाकून, पाणी भरून, वर बाटली ओतल्यावर. तुमच्या गाडीत कूलंट आहे, आणि असलंच पाहिजे. त्यात बाटली टाकून कंपनीच्याच हिशेबाने फरक पाचेक अंशांचा, तोही इंजिन पूर्ण ताणाखाली असताना.

पाणी कूलंटपेक्षा सरस का ठरतं, तर एक किलो पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला ४.१८ किलोज्यूल लागतात आणि अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाला साधारण ३.४. म्हणजे तेवढंच वजन फिरवून पाणी जास्त उष्णता वाहून नेतं. शिवाय ग्लायकॉल दाट असतं, उष्णताही कमी वाहू देतं. रेसवाले पाणी वापरतात त्याला आणखी एक कारण आहे. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की रस्ता निसरडा होतो, म्हणून अनेक ट्रॅकवर त्याला मनाईच असते. त्यांना पाणीच वापरावं लागतं, आणि त्या पाण्यासाठी ही बाटली जन्माला आली. त्यांची इंजिनं वारंवार खोलली जातात. गंज, पंपाचं सील, ॲल्युमिनियमची झीज यांची काळजी त्यांना आपल्याइतकी नसते. आपल्याला तेच हेड पुढची दहा वर्षं चालवायचं असतं.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो. इंजिन त्यापेक्षा थंड पडू नये, एवढ्याचसाठी तो बसवलेला असतो. अंबड-वडीगोद्री रस्त्यावर तुम्ही सत्तर-ऐंशीच्या वेगाने चाललात, इंजिन ९० वर आहे, थर्मोस्टॅट अर्धा उघडा आहे. आता कूलंटने उष्णता जास्त चांगली ओढली तर होईल काय? थर्मोस्टॅट थोडा मिटेल आणि तापमान पुन्हा ९० च. बाटलीचा उपयोग सुरू होतो तो थर्मोस्टॅट पूर्ण उघडून रेडिएटरचं बळ संपल्यावर. म्हणजे तुमच्या बाबतीत वर्षातली ती घाटातली काही मिनिटं. त्या काही मिनिटांत रेडिएटरचं बळ का संपलं, हे शोधणं जास्त शहाणपणाचं.

आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा कूलंटच्या बाजूला नसतं, हवेच्या बाजूला असतं. धातूकडून कूलंटकडे, कूलंटकडून रेडिएटरच्या नळ्यांकडे आणि तिथून हवेत, असा उष्णतेचा रस्ता. यात सगळ्यात अडचणीची जागा शेवटची. हवा उष्णता फार नाखुशीने घेते. म्हणून तर नळ्यांवर एवढ्या पातळ पत्र्यांची जाळी लावून हवेला भिडायची जागा वाढवावी लागते. अलीकडचा रस्ता तुम्ही कितीही गुळगुळीत केलात तरी गर्दी त्या जाळीपाशीच होणार.

त्यात आपला उन्हाळा. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हवा २५ अंश आणि कूलंट ९५ असेल तर फरक ७० चा. मे महिन्यात परभणी-नांदेड-जालन्याला हवा ४४ ला पोचते. फरक उरतो ५१. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. तीही हवामानखात्याच्या सावलीतल्या आकड्यावर. डांबरावरून उठणारी हवा त्याहून गरम असते. एसी चालू असला की त्याची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढेच बसलेला असतो, तो आपली उष्णता आधी त्या हवेत सोडतो आणि मग ती रेडिएटरला मिळते. शिवाय कॉम्प्रेसर ओढायला इंजिनाला जास्त ताकद लावावी लागते ती वेगळीच. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोर लावतं आणि गाडीचा वेग पंचवीस-तीस. समोरून येणारा वारा जवळजवळ नाही, सगळी भिस्त फॅनवर.

या सगळ्याचा विचार करूनच कंपनी रेडिएटर बसवते. गाडी नवी होती तेव्हा याच घाटात याच उन्हात काटा हलला नसता. तेव्हा मधल्या दहा वर्षांत काहीतरी कमी झालंय. काय ते बहुधा तुमच्या वर्णनातच आहे: हायवेला ठीक, घाटात वर, पठारावर वेग मिळाला की लगेच खाली. वारा मिळाला की गाडी सावरते, याचा अर्थ कमी पडतेय ती हवा. याच्या उलट असतं, म्हणजे गावात ठीक आणि हायवेला शंभरच्या वेगाने काटा वर, तर मी रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्यात, होज पाईप आतून आवळतोय किंवा वॉटर पंपाची पाती खाल्लीत, असं म्हटलं असतं. आणि सकाळी चालू केल्यावर चार-पाच किलोमीटरमध्येच तापली असती तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, आत एअर आहे किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलंय.

हवा कमी पडण्याचं मराठवाड्यातलं पहिलं कारण म्हणजे घाण, आणि ती दिसत नाही. समोरच्या जाळीतून डोकावलात तर कंडेन्सर बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल. मागून, इंजिनाच्या बाजूने, रेडिएटरही स्वच्छ दिसेल. घाण साचते दोघांच्या मधल्या बोटभर फटीत. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, रस्त्याच्या कडेला उडणारा भुसा. त्यानंतर कापूस, सेलू-मानवतच्या जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या मागे दोन महिने रोज ये-जा केलीत तर सरकीचा कापूस गाडीच्या नाकात जाणारच. पाठोपाठ उसाच्या ट्रॉल्या आणि पाचट. यावर काळ्या मातीची धूळ आणि थोडी तेलाची वाफ बसली की नमद्यासारखा थर तयार होतो. हिवाळ्यात काही कळत नाही. एप्रिल उजाडला की कळतं. अशा गाडीचा कंडेन्सर बोल्ट सैल करून, गॅसचे पाईप न उघडता, जरा पुढे कलवला की मधून मूठ-दोन मुठी कापूस निघतो. मालकाचा विश्वास बसत नाही, म्हणून मी तो त्यांच्या हातात देतो.

धुताना इंजिन थंड असावं. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने जाते. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारू नका. पत्र्याच्या पात्या दुमडतात आणि मग स्वच्छ रेडिएटरमधूनही हवा जात नाही. बागेची साधी नळी, थोडं साबणाचं पाणी, पुरेसा वेळ. एवढं काम दरवर्षी होळीच्या सुमारास केलं तरी मी गॅरेजवाला म्हणून निम्म्या गिऱ्हाइकांना मुकेन.

मग फॅन. गाडी उभी करून चालू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच किंवा थोड्या वेळात सुरू व्हायला हवा. समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा, तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. नुसता फॅन फिरतोय हे पुरेसं नाही. जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले की ती फिरते, पण हळू. पुष्कळ गाड्यांत फॅनला दोन वेग असतात आणि त्यासाठीचा रेझिस्टर जळतो. मग एकच वेग उरतो आणि मालकाला वाटतं, चालू तर आहे. वायरिंगवाल्याने उलटे टोक जोडल्यामुळे हवा आतून बाहेर फेकणारे फॅनही मी पाहिलेत. अपघातानंतर डेंटिंग करून आलेल्या गाडीत फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच म्हणजे श्राउड नीट बसलंय का, कडेच्या फोमच्या पट्ट्या आहेत का, तेही बघा. त्या नसल्या की हवा रेडिएटरमधून न जाता कडेने पळवाट काढते. इंजिनावरच पट्ट्याने फिरणारा फॅन असलेल्या जीपसारख्या गाड्यांत व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर फॅनला पकडून फिरवणारा जोड) तपासायचा: गरम इंजिन बंद केल्यावर फॅन हाताने फिरवून पाहिला आणि तो अगदी मोकळा गरगर फिरला, तर क्लच गेला.

कॅपचं काम पाचच मिनिटांचं, पण तिच्याकडे कोणी बघत नाही. रेडिएटरची किंवा पुढच्या टाकीची ती प्रेशर कॅप साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली साधं पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. अर्धं-अर्धं मिश्रण तर १२५ च्याही पुढे जातं. कॅपचं रबर कडक झालं, दाब सुटला, की हा सगळा आधार गेला. आपण समुद्रसपाटीलाही नाही. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे उघड्यावर पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. दहा वर्षं जुन्या गाडीची कॅप न तपासता बदला. बाटलीपेक्षा स्वस्त पडते. मात्र तेवढ्याच दाबाची घ्या. आकडा वर कोरलेला असतो. जास्त दाबाची लावून फायदा होईल असं समजू नका, जुना होज फुटेल. आणि इंजिन गरम असताना कॅपला हात लावायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी हात भाजून येतं.

आता पाण्याकडे येतो. माझ्या मते आपल्या भागातली खरी दुखणी इथे आहेत. आपल्याकडे बेसाल्टमधलं बोअरचं पाणी, बहुतेक ठिकाणी जड. घरच्या गीझरची कॉइल एकदा बाहेर काढून बघा, पांढरा थर दिसेल. इंजिनात तोच थर बसतो, आणि बसतो कुठे, तर जिथे धातू सगळ्यात गरम तिथे. म्हणजे ज्या जागी ती बाटली कामाला यायची, नेमकी तीच जागा क्षाराने लिंपलेली. क्षारातून उष्णता जायचं प्रमाण ओतीव लोखंडाच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असतं, ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका. पाणी धातूला कितीही छान भिडवा, मध्ये थर असेल तर भिडणार ते थराला. बाटली हा थर विरघळवत नाही.

त्यात आणखी एक गुंता. जपानी-कोरियन पद्धतीच्या पुष्कळ कूलंटमध्ये फॉस्फेट असतं. डिस्टिल्ड पाण्यात ते उत्तम काम करतं. जड पाण्यात मिसळलं की कॅल्शियमबरोबर साका तळाशी बसतो. म्हणजे चांगलं कूलंट आणून बोअरच्या पाण्यात कालवलं, तर पैसे देऊन गाळ विकत घेतल्यासारखं होतं. जारचं पाणी त्यापेक्षा बरं, पण त्यातही क्षार शिल्लक असतात. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना ‘बॅटरीचं पाणी’ म्हणण्यापेक्षा ‘डिस्टिल्ड वॉटर’ म्हणा. काही ठिकाणी बॅटरीचं पाणी म्हणून ॲसिड हातात पडतं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं होतं, अशा मुलखात रेडिएटरला डिस्टिल्ड पाणी घाला म्हणणं काहींना थेर वाटतात, हे मला कळतं. पण लहान गाडीत एकूण द्रव चार-पाच लिटर, तो काही वर्षांतून एकदा बदलायचा. हेड फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं) आणि गॅस्केटच्या बिलापुढे ते काहीच नाही.

कूलंट किती दाट ठेवायचं? गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते पहिलं. तयार मिश्रण आणलंत तर त्यात पाणी घालू नका, ते आधीच घातलेलं असतं. कॉन्सन्ट्रेट आणलंत तर अर्धं-अर्धं हे प्रमाण उणे ३७ अंशांपर्यंत न गोठण्यासाठी आहे. ते लडाखला ठीक. आपल्याकडे परभणीला कडाक्याची थंडी पडली तरी रेडिएटर गोठायची वेळ येत नाही. पुस्तकात चालत असेल तर मी एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी ठेवतो. गंजापासून संरक्षण मिळतं, उकळबिंदू चढा राहतो आणि उष्णता जास्त चांगली वाहते. एकास तीनपेक्षा पातळ मात्र करू नका. गंज रोखणारी रसायनं कमी पडायला लागतात. उलट टोकाची चूकही पाहतो: ‘दाट तेवढं चांगलं’ म्हणून कॉन्सन्ट्रेटचा अख्खा कॅन तसाच ओतलेला. शुद्ध ग्लायकॉलची उष्णता धरायची ताकद पाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते. ती गाडी बाटली न टाकता, नुसतं पाणी घालून प्रमाणात आणली तरी थंड होते. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जपानी जेआयएस के २२३४ असं प्रमाण लिहिलेलं बघा. हिरवं, लाल, निळं या रंगांवर जाऊ नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते.

मेहुण्यांचा थर्मोस्टॅट. हा उपाय आपल्याकडे इतका रुळलाय की काही मेकॅनिक विचारायच्या आधीच काढून मोकळे होतात. जुन्या लोखंडी इंजिनांत, ज्यांना ना ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) होता ना सेन्सर, तो खपून जायचा. तुमच्या गाडीत काढलात तर इंजिन सकाळी खूप वेळ थंड राहील, ईसीयू त्याला अजून गरम करायचंय असं समजून डिझेल जास्त देईल, मायलेज घसरेल, ऑइलमधला ओलावा उडणार नाही आणि सिलिंडरची झीज वाढेल. पी०१२८ हा बिघाडाचा कोड येऊन इंजिनाचा दिवाही लागू शकतो. आणि गंमत अशी की घाटातला प्रश्न तसाच राहील. तिथे थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडा होता. काढून नवं काय उघडणार? काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या टोकाने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा, गरम कूलंटचा बराच भाग रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतो आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढा, पातेल्यात पाणी गरम करून त्यात बुडवा, थर्मामीटर धरून कधी उघडतो ते बघा आणि खराब असेल तर नवा बसवा.

फॅन ‘डायरेक्ट’ करून घेणं, हा याच कुळातला दुसरा उपाय. वाटेत अडकलात तर घर गाठायला ठीक. कायम ठेवलात तर मोटर लवकर जाईल. रेडिएटर गळतो म्हणून हळद टाकणं हा तिसरा. बारीक गळती त्याने थांबते, हे खरं आहे. मी नाकारत नाही. पण हळद गळतीची जागा ओळखत नाही, ती बारीक नळ्या आणि हीटरची कोअरही तितक्याच आवडीने बंद करते. बाजारातल्या लीक-स्टॉप पावडरींचंही तेच.

काट्याबद्दल एक गोष्ट. आजकालच्या गाड्यांचा काटा प्रामाणिक नसतो. ग्राहक घाबरू नये म्हणून साधारण ७५-८० पासून शंभरच्या पुढेमागे पोचेपर्यंत तो मध्येच ठेवलेला असतो. त्यामुळे तुमचा काटा हलला याचा अर्थ तापमान बरंच चढलं होतं. अनेक नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, निळा आणि लाल दिवा. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) घ्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा, मोबाइलवर कूलंटचा खरा आकडा दिसेल. हायवेला ८८ ते ९६, गर्दीत फॅन लागेपर्यंत शंभराच्या आसपास, घाटात थोडा वेळ १०३-१०५ हे बहुतेक गाड्यांत चालण्यासारखं आहे. ११० दिसायला लागले की एसी बंद, वेग कमी. त्याच्याही वर चढत राहिलं तर बाजूला घ्या. बाटली टाकायची असलीच तर टाकण्याआधी आणि नंतर हाच आकडा, त्याच घाटात, त्याच वेळी, तेवढीच माणसं बसवून बघा. नाहीतर मे महिन्यात टाकून जुलैत ‘फरक पडला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो फरक पावसाने पडलेला असतो.

एक धोक्याची खूण सांगून ठेवतो. कूलंट दर महिन्याला कमी होतंय पण बाहेर कुठे गळत नाही, चालू इंजिनात टाकीत सतत बुडबुडे येतात, सकाळी पाईप दगडासारखे कडक लागतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. यातलं काहीही दिसलं तर हेड गॅस्केट तपासा. निळ्या द्रवाची टेस्टर किट मिळते, टाकीच्या तोंडावर धरायची. जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळट किंवा, डिझेल गाडीत, हिरवट होतो. अशा गाडीत बाटली ओतणं म्हणजे हेड वाकेपर्यंत वाट पाहणं.

मग बाटली घ्यायची कोणी? सगळं तपासून झालंय, रेडिएटर स्वच्छ, फॅन ठणठणीत, कूलंट योग्य, आणि तरीही गाडीचं कामच असं की ती सारखी ताणाच्या टोकाला चालते: ट्रेलर ओढणारी, रॅलीत जाणारी, मोठं इंजिन टाकलेली जुनी जीप. तिथे ते चार-पाच अंश उपयोगी पडतात आणि हेडमधली गरम ठिकाणं थोडी सुरक्षित राहतात. घेतलीत तर तुमच्या कूलंटच्या जातीबरोबर चालते का, हे लेबलवर वाचा. प्रमाणही वाचा, यातल्या पुष्कळ बाटल्या मोठ्या प्रणालीसाठी असतात, चार-पाच लिटरच्या गाडीत अख्खी रिकामी करायची नसते. जास्त टाकून जास्त थंड होत नाही. आणि ‘आता कूलंटची गरज नाही, साधं पाणी चालेल’ असं कोणी सांगितलं तर ते दुकान बदला. ट्रक आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक सूचना: जड डिझेल इंजिनांना एससीए नावाची जी पुरवणी घालतात ती वेगळी. तिचं काम लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) पडणारे खड्डे रोखणं. तापमानाशी तिचा संबंध नाही.

तुमच्या गाडीला मी या क्रमाने हात घालीन: कंडेन्सर पुढे कलवून मधली धुलाई, फॅनचे दोन्ही वेग, नवी कॅप, मग जुनं पाणी काढून बघायचं. गढूळ, तांबूस किंवा पांढरट निघालं तर फ्लश करून नवं कूलंट, आणि भरल्यावर एअर पूर्ण काढायची. हीटर फुल्ल ठेवून, कॅप उघडी ठेवून, इंजिन थंड असल्यापासून चालू ठेवायचं, थर्मोस्टॅट उघडून वरचा पाईप गरम होईपर्यंत. ही एअर राहिली तर नव्या कूलंटमध्येही गाडी तापते आणि दोष कूलंटला जातो.

पुढच्या वेळी घाटात काटा चढलाच तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल्ल. मे महिन्यात हे ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण हीटरची कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. एक गिअर खाली घ्या, इंजिन थोडं मोकळं फिरू द्या. वरच्या गिअरमध्ये रडत चढवलंत तर पंप आणि इंजिन दोन्ही हळू फिरतात आणि ताण मात्र वाढतो. थांबावं लागलं, फॅन चालू असेल आणि कूलंट बाहेर येत नसेल, तर लगेच किल्ली फिरवू नका; दोन-तीन मिनिटं इंजिन तसंच चालू द्या, म्हणजे कूलंट फिरत राहील. वाफ निघत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर मात्र ताबडतोब बंद. बाटलीतलं थंड पाणी तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये ओतायचं नाही. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

आणि जुनं कूलंट काढाल तेव्हा ते नालीत किंवा गोठ्यामागे ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जनावरांना विषारी असतं. कुत्री, मांजरं, वासरं ते चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या आणि तो त्याचं काय करतो, तेही विचारा.